तिरफळवाडीची उथळ बाव

तिरफळवाडीच्या विहिरीला रहाट नाही, दोर नाही. वाडीत तिला बाव म्हणतात. खाडीच्या काठावर, जांभ्यात खोदलेल्या पायऱ्या उतरून बायका खाली जातात आणि करवंटीच्या डवलीने वरच्यावर पाणी काढून घागरी भरतात. घागर कोणी बुडवत नाही. वरचे पाणी गोड आहे आणि हातभर खाली ते खारे आहे. नवखा माणूस वाकून घागर बुडवायला गेला की वाडीतले धाकू तांडेल वरून ओरडतात, "ओ पावणे, ढवळू नका!" मग पायरीवर बसवून ते ही हकिगत सांगतात.

पूर्वी बावीत तळापर्यंत गोडेच पाणी होते, असे सांगतात. फार नव्हे, गुडघाभर. पण ते वैशाखातही आटत नसे. वाडीला पुरत होते. खाडीपलीकडच्या गावाच्या विहिरीवर मात्र रहाट होता, माडांच्या बागा होत्या. एका लग्नात तिकडच्या वऱ्हाडाने हटकले, "तुमच्या गावात पाणी पितत की चाटतत?"

"चाटूनच इतकी जाडी झालंव!" असे वाडीतल्या गोदीकाकीने तिथल्या तिथे सुनावले आणि मांडव हसला. सावळो गावकर मात्र हसला नाही. लग्न त्याच्याच मुलीचे होते.

बाव खोल करायची तर देवाला विचारणे आले. कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात. गावचा मानकरी, म्हणजे गावकर, एकेक वाक्य बोलतो आणि सारा गाव "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला साक्ष देतो. वाडीची रीत अशी होती की आधी वर्षभरात देवाने दिले ते सांगायचे, मागणे त्यानंतर. सावळोने त्या वर्षी पहिला भाग गाळला. हात जोडून तो म्हणाला, "बा देवा म्हाराजा, आमच्या बावीत पाणी नाय."

गोदीकाकी पुढे आली. "सावळ्या, काय बोलतंस? सकाळी माझी घागर भरली मरे."

"मागणाऱ्यान जरा रडूक होया, काकी," तो हळूच म्हणाला, आणि पुन्हा मोठ्याने, "बावीत पाणी नाय, म्हाराजा!"

गावकराला एकटे कसे पाडायचे? सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." गोदीकाकीनेही म्हटले म्हणे.

देवाने उजवा कौल दिला, म्हणजे होकार. सावळोच्या मुलाने, नरसूने, पहार घेतली. तळाशी एक काळी कातळपाटी होती, ती त्याने फोडली. खालून पाणी उसळले. वर बायकांनी टाळ्या पिटल्या. एकीने ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकली. ते खाडीचे पाणी होते. संध्याकाळपर्यंत बाव काठोकाठ भरली आणि तिच्यात पिण्याजोगा एक थेंब राहिला नाही.

मग होडीने पलीकडून पाणी आणणे सुरू झाले. वैशाखात वारे सुटले तेव्हा होड्या काढता येईनात. माणसे बावीचे खारे पाणी पिऊ लागली. नरसूची बायको द्वारका ओली बाळंतीण होती. तिनेही तेच प्यायले. तिला जुलाब लागले, अंगावरचे दूध आटले. वारे पडण्याआधी तिची मुलगी गेली.

नारळ घेऊन सावळो वाडीसोबत पुन्हा देवळात गेला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा द्वारका उठली. बाईने गाऱ्हाणे घालायची चाल नव्हती, पण तिला कोणी अडवले नाही.

"म्हाराजा, बावीत पाणी होतां."

कोणी बोलेना. शेवटी गोदीकाकी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"थानात दूध होतां."

"व्हय म्हाराजा," आता चार-दोन आवाज आले.

"माझ्या मांडयेर चेडू होतां."

सारी वाडी रडत "व्हय म्हाराजा" म्हणाली. तिने काही मागितले नाही. ती घरी निघून गेली.

सावळो देवळातून थेट बावीवर आला. फुटलेल्या पाटीचा मोठा तुकडा त्याने पोटाशी बांधला, कमरेला दोर लावला, दोर नरसूच्या हाती दिला. "भोक बुजवून येतंय," एवढेच म्हणाला. बराच वेळ गेला तेव्हा नरसूने दोर ओढला. तो रिकामाच वर आला. दोर तुटलेला नव्हता, गाठ सोडलेली होती.

पाऊस पडून गेल्यावर खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर धरला. तेवढाच धरला. वाडी त्यावरच जगली, असे सांगतात.

आजही तिरफळवाडीत गाऱ्हाणे गावकराच्या घरची सून घालते, आणि त्यात मागणे नसते. बावीत पाणी आसा, माडाक नारळ आसा, गोठ्यात वासरू आसा, असे ती घरोघरचे सांगत जाते आणि वाडी "व्हय म्हाराजा" म्हणते. त्या वर्षी ज्या घरातले माणूस गेले असेल, त्या घराचे नाव घेऊन ती गप्प होते. मग त्या घरचेच कोणीतरी गर्दीतून उठते, गेलेल्याचे नाव घेते आणि म्हणते, पुरुष असला तर "होतो." बाई असली तर "होती." त्याला "व्हय म्हाराजा" म्हणताना वाडीचा आवाज सगळ्यांत मोठा असतो.