तापलेल्या पाट्यांमधलं कापड

"सर, घर्षण एवढं जास्त येतंय, म्हणजे दोष कापडाचाच ना?"

नेत्राने प्रयोगशाळेत शिरता शिरताच विचारलं. म्हातारे नाबरसर खिडकीपाशी संत्रं सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली.

नेत्रा हुशार होती, आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं. एक पाय गमावलेल्या धावपटू मुलीसाठी ती कार्बनच्या धाग्यांचा पाय घडवत होती. उष्णतेने मऊ होणाऱ्या राळेत भिजवलेल्या कापडाचे थर साच्यात दाबताना एकमेकांवरून सरकले, तरच नीट वळण घेतात. हे थर मात्र अडत होते. सुरकुत्या पडून दोन पाय वाया गेले होते. ती मुलगी रोज फोन करायची.

"कापड परत पाठवू या," नेत्रा म्हणाली.

"आधी मोजून दाखव."

तिने तीन थर दोन गरम लोखंडी पाट्यांमध्ये दाबले, तापमानाचा काटा पाहिला आणि लगेच बटण दाबलं. यंत्र मधला थर ओढू लागलं. थर हलेना. घर्षणाचा आकडा भसकन वर गेला.

"बघा!"

"गरम झालं होतं?"

"काटा दाखवतोय ना, सर."

"काटा पाट्यांचं सांगतो गं, आतल्या थराचं नाही..."

नेत्राने अडलेले थर काढून टाकले.

सरांनी नवे थर ठेवायला लावले. पाट्या मिटल्या. तिचा हात बटणाकडे गेला. सरांनी त्या तळहातावर संत्र्याची फोड ठेवली.

"खा."

तिने खाल्ली. हात पुन्हा बटणाकडे. पुन्हा एक फोड.

"सर, वेळ जातोय."

"जाऊ दे की..."

फोडी खात दोघं बसून राहिले. संत्रं संपलं. सरांनी बिया कागदात गुंडाळल्या, अगदी सावकाश, आणि मग मान डोलावली.

नेत्राने बटण दाबलं. मधला थर अलगद सरकत बाहेर आला. आकडा खालीच राहिला.

त्याच कापडाचा, तेवढंच थांबून दाबलेला पाय संध्याकाळी साच्यातून निघाला. एकही सुरकुती नव्हती. नेत्राने मुलीला फोन लावला. पलीकडचा आनंदाचा आरडाओरडा सरांनाही ऐकू आला.

फोन ठेवून ती सरांजवळ येऊन बसली.

"खरं सांगू, सर? तुम्ही तर काहीच केलं नाहीत, नुसतं थांबवलंत."

सरांनी तिच्या डोक्यावर हलकीशी टपली मारली.

"तेवढंच मोजायचं राहिलं होतं, बाळ."