झिपरूनं लावलेलं सील

भोळा गडी कुठल्या गावात नसतो? सातपिंपळ्यात होता तो झिपरू. अंबूताईंच्या दंतमंजनाच्या कारखान्यात डब्या भरायचा. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा, हीच तर पंचाईत!

अंबूताईंचं 'हसरा' दंतमंजन घरोघरी जायचं. शेजारगावच्या रघोजी कडूनं हुबेहूब तसल्याच डब्या काढल्या. नाव 'हासरा', आत चुलीतली राख. हिरड्या सुजायच्या लोकांच्या आणि शिव्या अंबूताईंना!

"हे थांबलं नाही तर माझा कारखाना बसला रे झिपरू," म्हणत बाई कोर्टात गेल्या. कोर्टानं हुकूम काढला, रघोजीकडे अचानक झडती घ्या, नकली माल पकडा. कोर्टाचे बेलीफ नाना टेंभे निघाले. माल ओळखायला सोबत झिपरू.

नाना म्हणाले, "झडतीची कुणाला चाहूल लागता कामा नये, काय?"

"बरं."

रघोजीच्या कारखान्यासमोर नाना चहा पिईपर्यंत झिपरू चपला काढून खिडकीतून आत गेला. कामगार जेवायला बसले होते. सगळा कारखाना हुंगून तो परत आला. "नाना, झाली झडती! कुणाला पत्ता नाही."

"आणि माल?"

"आतच आहे. उचलला असता तर कळलं नसतं का?"

नानांनी कपाळ बडवून घेतलं. "अरे शहाण्या, आधी दारात उभं राहून हुकूम खणखणीत सांगायचा, मग आत शिरायचं!"

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं निघाले. एसटीला दार असतंच. झिपरू त्यात उभा राहून ओरडला, "रघोजी कडूच्या कारखान्यावर झडती होऽऽ!" मग आत शिरला. गाडीत रघोजीचाच मुकादम बसलेला. त्यानं तिथूनच फोन लावला. नाना पोचले तेव्हा कारखान्यात डबी सोडा, माशीसुद्धा नव्हती.

"तोंड बंद ठेव रे बाबा!" नाना हात जोडून म्हणाले. "यापुढे माल दिसला की बोलायचं नाही. आधी सील ठोकायचं."

आठवड्यानं पुन्हा गेले. नाना आत शिरले. माल दिसला. झिपरूनं बाहेरून कुलूप घातलं, लाख ओतली, सील ठोकलं. नाना आतून बोंबलतायत आणि हा गप्प. बोलायचं नव्हतं ना! शेवटी अंबूताईंनी धावत येऊन नानांना सोडवलं.

नाना राख शिंकत म्हणाले, "मेल्या, सील नकली मालाला लावतात, माणसाला नाही! नकली दिसलं की बाहेर ओढ, डब्यात घाल, सील कर. कुणाचं का असेना, भीड धरू नकोस!"

हे मात्र झिपरूच्या डोक्यात बसलं. पोतंभर माल पकडला आणि रघोजीची पाचावर धारण बसली. अंबूताईंनी देवापुढे साखर ठेवली.

निकालाचा दिवस उजाडला. अंबूताई, रघोजी, नाना, झिपरू सगळे कोर्टात हजर. जज्जसाहेब खाकरले, "सगळा पुरावा पाहून हे कोर्ट असा निकाल देतं की..."

तेवढ्यात साहेबांची कवळी जराशी सरकली.

"नकली!" झिपरू ओरडला. उडी मारली, कवळी ओढली, डब्यात घातली, लाख ओतली, सील ठोकलं. भीड म्हणून धरली नाही.

"फाफफू फफी फू!" साहेब गरजले.

"म्हणजे मी जिंकले ना हो?" अंबूताई रडवेल्या झाल्या.

"छे! फाफफू म्हणजे रघोजी!" रघोजी म्हणाला.

साहेब लालबुंद होऊन डब्याकडे बोट दाखवायला लागले. नानांनी अदबीनं हात जोडले.

"फोडतो की साहेब. पण कोर्टाचं सील आहे. त्याला आपला तोंडी हुकूम लागतो."