पाहुण्याचं ताट

“मग दीक्षा आज देता की उद्या, बुवा?”

त्र्यंबकनं हे विचारलं ते पायावर डोकं ठेवायच्याही आधी. वाटेची धूळ अंगावर तशीच होती. पण छाती बघावी तर अशी काढलेली, की जसा काही गड जिंकून आला!

तसा तो ऐऱ्यागैऱ्या घरचा नव्हता. शहरात शिकलेला, ग्रंथ तोंडपाठ, घरी नोकरचाकर. पण रावळबुवांच्या मठीचा रिवाजच जगावेगळा. ज्याला दीक्षा हवी त्यानं आधी कुणाच्या तरी घरी जाऊन राहायचं. पडेल ते काम करायचं आणि त्याच्या बदल्यात दोन वेळची भाकरी अन् पाठ टेकायला कोपरा घ्यायचा. बुवांनी त्र्यंबकला धाडलं होतं खालच्या वाडीत, घोंगड्या विणणाऱ्या तातोबा सणगराकडं. उन्हाळाभर तिथं राबून तो आज डोंगर चढून आला होता.

बुवा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते.

“बस की आधी. पाणी पी. काय काय केलंस?”

“काय केलं नाही ते विचारा!” त्र्यंबक म्हणाला. “सगळ्यांच्या आधी उठलो. अंगण झाडलं, विहिरीवरून पाणी भरलं. चिंचोके भरडून घोंगड्यांना लावायची खळ शिजवली, लोकर पिंजली. ‘हे कर’ असं सांगायची वेळ कुणावर येऊ दिली नाही. खाल्लं ते मोजकं. कुणाच्या उपकारात राहिलो नाही बुवा, उलट जास्तच करून आलो.”

“हं… कुणी रागावलं?”

“रागावतंय कोण! चकार शब्द नाही.”

“घरात भांडणबिंडण?”

“माझ्यासमोर कुणी साधा आवाजसुद्धा चढवला नाही.”

“अरेरे,” बुवा म्हणाले.

यात अरेरे कसलं, ते त्र्यंबकला कळेना. म्हातारा आपला काहीतरी बोलतो झालं, असं म्हणून त्यानं सोडून दिलं.

“आणि जेवायला कधी बसायचास?”

“पहिलं ताट माझं, बुवा! तव्यावरची भाकरी, वर तुपाची धार. तातोबा स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन उभा. मी उठल्याशिवाय त्या घरात कुणी घास घेतला नाही.”

खोटं कशाला सांगा, एवढा मान त्याला सख्ख्या घरीही मिळाला नव्हता.

बुवांनी एक शेंग फोडली. दाणे तळहातावर घेऊन फोलपटं फुंकली.

तेवढ्यात पायऱ्यांवरून हाक आली. “बुवा, हायसा न्हवं?”

तातोबाची बायको कोंडाबाई. डोक्यावर पाटी, चढून चढून दम लागलेला. दर सोमवारी ती बुवांना भाकरी घेऊन वर यायची. आज त्र्यंबकलाही वर गाठून खाऊ घालायचं होतं, म्हणून लगबगीनं आली होती.

“ये बाई. कसा वाटला आमचा गडी?”

“गडी? अवो, देवमाणूस हाय त्यो!” कोंडाबाईनं पाटी उतरवली. “एवढं काम कुणी करतं व्हय?”

त्र्यंबकनं बुवांकडं पाहिलं. ऐकलंत ना, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

“पर आमीबी ह्या म्हाराजास्नी काय कमी पडू दिलं न्हाई बघा,” कोंडाबाई सांगू लागली. “म्हाराज झाडायला उठलं, की सून बी उठायची, ऊन भाकरी लागंल म्हणून. प्वार अंगावर पितंय तिचं, पर पडून न्हाई राहिली. मालकानं उन्हाळाभर चिलीम ओढली ती गोठ्यात जाऊन. अन् मी नि सून तर भांडलोच न्हाई! काय असंल ते डोळ्यांनी. घरात पावणा असताना बरं दिसतं व्हय?”

“आणि आता?”

“आता…” ती जरा घुटमळली, मग पदरानं तोंड पुसत हसली. “खोटं कशाला बोलू बुवा. आता जरा पाय पसरून बसू.”

त्र्यंबकचा चेहराच उतरला. म्हणजे उन्हाळाभर चाकरी केली कुणी, अन् कुणाची? त्याला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा राग जास्त आला. एवढं राबून हेच ऐकायचं?

“चला, दोन घास खाऊन घ्या,” कोंडाबाई म्हणाली.

तिनं पाटीतनं खास आणलेली पितळी काढली, पदरानं लखलखीत पुसली. तीवर मऊसूत ताजी भाकरी ठेवली, लोण्याचा गोळा ठेवला आणि दोन्ही हातांनी त्र्यंबकपुढं सरकवली.

“तुमाला कालचीच हाय बरं का, बुवा. ताज्या भाकऱ्या म्हाराजापुरत्याच झाल्या.”

“आण इकडं.”

ताट नाही, वाटी नाही. शिळी भाकरी, वर तेल-चटणी, सरळ हातावर. बुवांनी कडकन तुकडा मोडला.

“चटणीत मीठ जास्त पडलंय गं.”

“पडलं तर पडलं. गिळा गुमान.”

बुवा खुदकन हसले आणि मिटक्या मारत खाऊ लागले.

त्र्यंबकचा घास हातातच राहिला. त्यानं आपल्या पितळीकडं पाहिलं, बुवांच्या हाताकडं पाहिलं. मग पितळी बाजूला सारून कोंडाबाईपुढं हात पसरला.

“मलाही शिळीच द्या.”

“अगं बया! म्हाराज, काय बोलताय हे?” कोंडाबाईची मान ताठ झाली. “पावण्याला शिळं घालीन व्हय मी? आमच्या उंबऱ्याच्या आत पावण्याच्या ताटात कधी शिळं पडलं न्हाई. माझ्या सासूच्या वेळंपासनं न्हाई!”

“पण मी पाहुणा नाहीये!” त्र्यंबक जवळजवळ ओरडलाच.

“मग कोण?”

तिनं अगदी साधेपणानं विचारलं होतं.

चार ग्रंथ पाठ असलेल्या त्र्यंबकनं पसरलेला हात हळूच मागं घेतला. बुवांकडं वळला तेव्हा त्याचा आवाज मघाचा राहिला नव्हता.

“बुवा… माझी दीक्षा?”

बुवांनी शेवटचा तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावून खाल्ला. हात झटकले.

“माझ्याजवळ होती तेवढी खाल्ली मी. आता तिच्याकडं माग.”