रिकाम्या खुराड्याचं माप

एकदा एका वाडीने ठरवलं, की बाजारातलं भलतंसलतं खाद्य आपल्या कोंबड्या-शेळ्यांच्या पोटात जाऊ द्यायचं नाही. वाडी डोंगराच्या पायथ्याशी, घरं मोजकीच, आणि प्रत्येकाच्या दारात चार कोंबड्या, एखादी शेळी, कुठे एक गाय. एवढ्याशा गरजेसाठी बिनऔषधाचा मका-जोंधळा दारात आणून देणार कोण? तेव्हा वाडीच्या टोकाला मठीत राहणाऱ्या वृद्ध बुवांनी सगळ्यांना पारावर बसवलं आणि म्हणाले, "एकेकटे गेलात तर मिळेल ते घेऊन याल. एकत्र या, टेम्पो भरून मागवा, म्हणजे पाहिजे तसा दाणा मिळेल." लोकांना पटलं. घाटावरचा एक शेतकरी शेणखतावर पिकवलेलं धान्य आणून देऊ लागला. त्याचा ढीग पारावर पडायचा आणि मापाने घरोघरी वाटला जायचा. कोंबड्या तुकतुकीत झाल्या, दुधाला चव आली.

बुवांचा एक नियम मात्र कुणालाच उमगत नव्हता.

वाडीत गिरजाक्का नावाची एकटी बाई होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. जीव लावायला होत्या त्या कोंबड्याच. एका पावसाळ्यात रोग आला आणि बघता बघता तिचं खुराडं रिकामं झालं. नवी पिल्लं आणायला ती काही केल्या तयार होईना. तरी बुवांनी सांगून टाकलं, "नवा दाणा आला की पहिलं माप गिरजाक्काच्या खुराड्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती येऊन सांगेल, तेव्हाच बाकीच्यांनी ढिगाला हात लावायचा."

गिरजाक्का ते माप सुपात घेऊन जायची. उन्हं कलली की अंगणात यायची, "बा बा बा" अशी हाक घालायची, "ये गं तुरेवाले, ये गं काळे" म्हणत मुठीमुठीने दाणा फेकायची आणि मग मान किंचित कलती करून बघत उभी राहायची. अंगणात काहीच नसायचं. पण ती मात्र मध्येच हसायची, मध्येच कुणाला तरी "हाड, तिला खाऊ दे की जरा" म्हणून दटावायची. सकाळी दाणा नाहीसा झालेला असायचा. मग ती पारावर यायची आणि एवढंच म्हणायची, "आल्या होत्या. घ्या वाटून."

तुम्ही म्हणाल, चिमण्यांनी खाल्ला असेल. वाडीही तेच म्हणायची. पण तिच्या दारावरून जाताना बायका पोरांचा हात घट्ट धरायच्या. सारवलेल्या अंगणात सकाळी पायांच्या खुणा दिसतात, असं कुणीकुणी शपथेवर सांगायचं. त्या चिमणीच्या की कोंबडीच्या, हे बघायला मात्र कुणी थांबलेलं नव्हतं.

बुवांचा एक शिष्य होता. दाणा मापून द्यायचं काम त्याचं. त्याने एकदा धीर करून विचारलं, "बुवा, मेलेल्या कोंबड्यांना दाणा घालायचा, हा कुठला धर्म?"

बुवा म्हणाले, "वेळ आली की तूच मला सांगशील," आणि पुन्हा वाती वळू लागले. शिष्य मनातून चिडला.

पुढल्या वर्षी घाटावरच्या शेतकऱ्याचं पीक बुडालं. तेवढ्यात एक नवा व्यापारी वाडीत आला. गोड बोलणारा. "अस्सल शेणखताचा माल आहे, डोळे झाकून घ्या," म्हणाला, आणि वाडीनेही अगदी तसाच घेतला. मका सोन्यासारखा पिवळाधमक, कचऱ्याची काडी नाही. पहिलं माप गिरजाक्काने नेलं. बाकीचे दुसऱ्या दिवशी सकाळी टोपल्या घेऊन पाराशी जमले.

गिरजाक्का आलीच नाही.

ऊन वर चढलं. घराघरांत जुना दाणा संपलेला. उपाशी कोंबड्यांचा कलकलाट पारापर्यंत ऐकू येत होता. अखेर हणमंता उठला. त्याच्या कोंबड्या सगळ्या वाडीत देखण्या, आणि त्यांच्यावर त्याचा जीव. "बुवा, आता बास झालं," तो म्हणाला. "जित्या कोंबड्या उपाशी मारायच्या आन् मेलेल्यांची वाट बघत बसायचं व्हय? माझ्या तलंगा आता कुठं अंड्यावर आल्यात. त्या अक्काचा वाटा आजपास्नं बंद करा." माना डोलल्या. शिष्याचीही डोलली.

बुवांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. मग शिष्याला म्हणाले, "बरं. तू जा आणि तिचं माप बंद झालं असं तिला सांग. पण तिच्या अंगणात उभा राहून सांग. आणि तू येईपर्यंत ढिगाला कुणी शिवायचं नाही."

शिष्य निघाला. मनात वाक्य जुळवत गेला, कारण असं काही सांगणं सोपं नसतं. गिरजाक्काच्या कुडाचं फाटक ढकललं आणि त्याचा पाय जागीच अडला.

दाणा तसाच पडला होता. मुठी जशा पडल्या तशाच, सबंध अंगणभर, उन्हात चमकत. दाणे नाहीसे होतात म्हणून आजवर त्याला भय वाटायचं. आज ते जागच्या जागी होते आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. आवाज कसलाच नव्हता. मागच्या शेवग्यावर चिमण्या दाटीने बसल्या होत्या, पण चिवचिवत नव्हत्या, खालीही उतरत नव्हत्या. भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती. पहिल्या दाण्यापाशी येताच ती वळत होती आणि सगळ्या अंगणाला लांबून वळसा घालून निघून जात होती.

गिरजाक्का खुराड्याच्या दाराशी उकिडवी बसली होती. डोळे रडून सुजलेले. त्याला बघताच म्हणाली, "आल्या न्हाईत रे. सांजपास्नं हाका मारतीया. काळी तेवढी दारापतुर आली, दाणा बघितला आन् माघारी फिरली. असं कधी केलं न्हवतं त्यांनी. काय चुकलं असंल माझं?"

शिष्य सांगायला आलेलं विसरून खाली वाकला. त्याने एक दाणा उचलला, ओल्या पंच्याच्या टोकात धरून चोळला. पंच्यावर फिकट गुलाबी डाग उमटला. पेरणीच्या बियाण्याला किडीचं औषध चोळतात, त्याचा रंग. कुणीतरी ते बियाणं धुऊन, वाळवून, खाद्य म्हणून विकलं होतं.

तो धावतच पारावर आला. "थांबा! विष आहे!"

लोक थांबले. पण हणमंताची टोपली जागेवर नव्हती. बुवा आडवे आले तरी, शिष्य सांगायला गेलाच आहे, मग उशीर कशाला, म्हणून तो टोपली भरून घरी गेला होता. शिष्य तिथे पोचला तेव्हा दाणा फस्त झाला होता. दुपार व्हायच्या आत त्या देखण्या कोंबड्यांच्या माना एकेक करत लोंबल्या. हणमंता एकेकीला मांडीवर घेऊन चोचीत पाणी सोडत होता आणि लहान मुलासारखा रडत होता. त्या दिवशी वाडीने आपापल्या कोंबड्यांना भाकरी कुस्करून घातली आणि विहिरीपासून दूर खोल खड्डा खणून तो ढीग पुरला.

परतताना शिष्य म्हणाला, "बुवा, आता मीच सांगतो. भरल्या खुराड्यात दाणा टिकत नाही. तो काय होता ते पोटात गेल्यावर कळतं. रिकाम्या अंगणात तो पडून राहतो, म्हणून दिसतो."

"अर्धं बरोबर आहे," बुवा म्हणाले. "आपण एकत्र दाणा घ्यायला लागलो आणि प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने पाहिलाच असेल. एकेकटे होतो तेव्हा एका घराचं नुकसान व्हायचं. आता चुकलं तर सगळी खुराडी एकाच दिवशी ओस पडतील. म्हणून कुणीतरी एक डोळे उघडे ठेवणारं हवं. तुमची नजर आपापल्या कोंबड्यांवर. जिचं सगळं गेलं, ती एकटीच दाण्याकडे बघत उभी राहते. आणि तिलाच तुम्ही बाहेर काढायला निघाला होतात."

शिष्याने मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "पण बुवा, तिच्या कोंबड्या खरंच येतात?"

"मी तिला कधी विचारलं नाही," बुवा म्हणाले. "कोण येतं ते मला ठाऊक नाही. कुणीच आलं नाही, तर त्याचा अर्थ काय, एवढंच मला कळतं."

पुढे घाटावरच्या शेतकऱ्याचा दाणा पुन्हा सुरू झाला. टेम्पो आला, ढीग पडला. शिष्याने न सांगता पहिलं माप गिरजाक्काच्या सुपात घातलं. मग दुसरं भरलं आणि मागे, एका कडेला, रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या हणमंतापुढे धरलं. हणमंताने ते दोन्ही हातांनी घेतलं. त्या दिवशी उन्हं कलल्यावर वाडीत दोन अंगणांतून "बा बा बा" ऐकू आलं. दुसरा आवाज पुरुषाचा होता आणि हाक मारता मारता मध्येच अडत होता.

सकाळी दोघं एकदमच पारावर आले. गिरजाक्काने हणमंताकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडालेला होता, तरी कुठेतरी खोल तो निवलेला दिसत होता.

"आल्या होत्या," हणमंता म्हणाला. "घ्या वाटून."

कुणी हसलं नाही. लोकांनी टोपल्या पुढे केल्या.