करपलेलं आदण

माझं शिक्षण सातवीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील, त्याची आधीच माफी मागतो. चार माणसांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिलं आहे.

"वस्ताद, ती डॉक्टरीण खरं बोलतीय कशावरनं?"

रविवारी दुपारी गुऱ्हाळावर मी हे विचारलं. बाबालाल वस्ताद काहिलीच्या कडेला बसून गुळाचा खडा चघळत होते. चाळीस वर्षं ते गुळव्या आहेत. रस शिजला कधी आणि काहील उतरवायची कधी, हे त्यांनी सांगायचं. एका वेळी काहिलीत शिजतो त्या रसाला आम्ही आदण म्हणतो. मी पाच वर्षं खाली चुलवाणात जाळाला चिपाडं सारतोय. आता आपल्याला सगळं कळतं, असं मनात धरून होतो.

वस्तादांच्या घशात कॅन्सर निघाला होता. सोमवारपासून शेक सुरू होणार होता. मशीनचा.

तारीख मिळाल्यापासून पंधरा दिवस मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो. हा माणूस शेकाला जाणार नाही, असा माझा संशय होता. नातीला घेऊन कुस्त्या बघून आले. बहिणीशी अकरा वर्षांचा अबोला होता, तिच्या घरी जाऊन जेवून आले. रोज मटण, रोज गूळ, वर लोणी. आजारी माणूस असा वागत नाही. निरवानिरव करणारा वागतो.

"कशावरनं म्हंजी?" वस्ताद म्हणाले. "तुला काय वाटतंय?"

"तिनं तुम्हाला काय बी खावा म्हणून सांगितलंय. खरं का?"

"खरं."

"आमच्या आज्याला बी असंच सांगितलं होतं. काय मागंल ते द्या म्हणाले... नवव्या दिवशी आज्या गेला."

काहिलीतला रस खदखदत होता.

"मला बी तीच शंका आली," ते म्हणाले. "दारातनं परत आत गेलो. म्हटलं, बाई, हात टेकलास का? सांग सरळ."

"मग?"

"म्हणाली, मामा, शेक सुरू झाला की तोंड सोलंल. चव जाईल. पाण्याचा घोट उतरायचा न्हाई. आत्ता अंगावर चार किलो चढवून या, ते पुढं कामाला येतील."

"आणि गूळ? लोक म्हणतात, गोडानं कॅन्सर वाढतो."

"ते बी इचारलं. न्हाई म्हणाली. तू काय मला कोर्टात उभा केलाईस व्हय रं?"

मी खिशातली पुडी काढून त्यांच्यापुढं ठेवली. हिरवट चूर्ण होतं. आठवडी बाजारातल्या माणसाकडून आणलं होतं. आठ दिवस द्यायचा धीर झाला नव्हता.

"ह्यानं शंभर टक्के गुण येतो. शेक नको, काय नको."

वस्तादांनी पुडी हुंगली. पुन्हा हुंगली.

"त्याचं आदण कधी करपलंय का, इचारलंस?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. नवा गुळव्या काम मागायला आला की ते एवढंच विचारतात. जो म्हणतो माझं कधीच करपलं नाही, त्याला चहा पाजून परत पाठवतात. असं का, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

"त्यो म्हणतो, आजवर एक बी माणूस दगावला न्हाई," मी म्हणालो.

"हं..."

"आणि तुमची डॉक्टरीण?"

वस्तादांनी दोन्ही हातांची बोटं माझ्यासमोर पसरली. मग त्यांतली तीन दुमडली.

"तिनं असं करून दाखवलं. म्हणाली, माझ्या हाताखालनं तुमच्यासारखे दहा गेले तर हे तीन उठत न्हाईत, मामा. मिरजंला जाऊन दुसऱ्याला दाखवलं. त्यानं बी तीनच दुमडली."

"तरी जाणार?"

"सकाळची एसटी हाय. पोरगी येतीय संगं."

मला रडू यायला लागलं होतं. ते दिसू नये म्हणून मी चुलवाणाकडं निघालो. वस्तादांनी हाक मारली.

"भैऱ्या, कुठं चाललास? वर ये. हे आदण तू उतरव."

"मी?"

"सगळं कळतंय न्हवं तुला?"

माझं तोंड उतरलं. हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

त्यांनी पळी माझ्या हातात दिली आणि काहिलीकडं पाठ करून बसले. जाळावर दुसरा गडी बसवला.

"वस्ताद, बघा तरी."

"मी न्हाई बघत. उद्या सकाळपासनं कोण बघणार हाय? माझी जीभ तेवढी आज हाय. तुझं झालं की तिला इचार."

मी पळीनं रस घेतला, गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळून बघितली. मऊ होती. परत बघितली. घट्ट वळली, म्हणजे वेळ झाली होती, पण माझा विश्वास बसेना. वस्ताद मुद्दाम फसवतायत, खरी वेळ आली की ओरडतील, असं वाटत राहिलं. मी त्यांच्या पाठीकडं बघत थांबलो.

पाठ काही बोलली नाही.

वास बदलला तेव्हा मी ओरडलो. गड्यांनी काहील ओढून गूळ गार करायच्या वाफ्यात ओतली. गूळ गार व्हायला लागला. मधे पिवळा होता. कडेला काळपट.

वस्तादांनी कडेचाच खडा उचलला. तोंडात धरला. डोळे मिटून किती तरी वेळ तसेच बसले...

"करपलं?" मी विचारलं.

"करपलं."

"वाया गेलं म्हणायचं."

त्यांनी आणखी एक खडा घेतला. काळाच. तो नातीसाठी घेतात तसा रुमालात बांधला.

"आता कुणी इचारलं," वस्ताद म्हणाले, "तर व्हय म्हण."

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी फाट्यावरून वळेपर्यंत मी उभा राहिलो. मग गुऱ्हाळावर आलो आणि ती पुडी चुलवाणात टाकली. मालक आले. म्हणाले, "वस्ताद सांगून गेलेत, काहील तुझ्याकडं द्या म्हणून. तुझ्या हातनं काय करपलं-बिरपलं न्हाई न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "काल."

आणि काहिलीत रस सोडला.