दरीवरून परतणारी विटी

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. एका राज्याच्या अगदी टोकाला, उभ्या कड्याच्या माथ्यावर एक लहानसं गाव होतं. चाळीस घरं, एक देऊळ आणि खेळायला एक मैदान. मैदान म्हणजे तरी काय, लांबच लांब पट्टी. एका अंगाला भिंतीसारखा काळा कातळ, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि मध्ये जेमतेम वीस पावलांची जागा.

त्या गावात खेमा नावाचा गुराखी राहत होता. त्याच्यासारखा विटीदांडू खेळणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता.

खेळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. विटीच्या टोकावर दांडू मारून ती उडवायची आणि हवेत असतानाच टोला द्यायचा. कुणी झेलली तर गडी बाद. नाही झेलली, तर ती पडेल तिथपर्यंतचं अंतर दांडूनं मोजायचं. त्या अरुंद पट्टीवर झेलणारे एकामागे एक उभे राहत, त्यामुळे सरळ मारलेली विटी कुणाच्या ना कुणाच्या हाती लागेच.

खेमा सरळ मारतच नसे. तो दरीकडे तोंड करून उभा राही आणि विटी उंच, थेट दरीवर टोलवी. पाहणाऱ्याला वाटे, गेली. पण दुपार कलली की त्या दरीतून रोज वारा वर चढत असे. तो वारा विटीला उचली, वळवी, आणि झेलणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यावरून नेऊन पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवी.

एका माघात त्या देशाचा राजा सीमा पाहत पाहत कड्यावर आला. राजाला या खेळाचं वेड होतं. दर फाल्गुनात त्याच्या खेळाडूंचा शेजारच्या राजाच्या खेळाडूंशी सामना होई. एक वर्ष यानं ठरवलेल्या मैदानावर, एक वर्ष त्यानं ठरवलेल्या. गेली चार वर्षं शेजारचेच जिंकत होते. खेमाचा टोला पाहून राजा जागचा उठला.

"माझ्याबरोबर राजधानीत चल," तो म्हणाला. "तीन वर्षं माझ्याकडून खेळ. बदल्यात काय हवं ते माग."

खेमानं वळून पाहिलं. गावातल्या बायका रिकामे हंडे घेऊन कड्याच्या वाटेला लागल्या होत्या. पौष सरला की गावाचा झरा आटे, आणि पाण्यासाठी खाली नदीवर उतरावं लागे. एका खेपेला अर्धा दिवस जाई. त्या वाटेवर पाय घसरून दोघीजणी गेल्याही होत्या. खेमाची बायको येसू आज त्याच रांगेत होती.

"महाराज, आमच्या गावाला पाण्याचं टाकं हवं. कातळ कठीण आहे, आमच्यानं फुटत नाही."

"सामना जिंकून दे. माझे पाथरवट येऊन टाकं खोदतील. हा माझा शब्द."

खेमाला ज्यांनी खेळ शिकवला ते म्हातारे दाजीबा जवळच बसले होते. ते हळूच म्हणाले, "खेमा, महाराजांना वाऱ्याचंही सांग."

खेमाला ते झोंबलं. "दाजीबा, दांडू माझ्या हातात असतो, वाऱ्याच्या नाही," तो म्हणाला. आणि राजाला म्हणाला, "हात हाच आहे, महाराज. कुठंही न्या."

दाजीबा उठून घराकडे वळले.

गुरांना कुणी हवं म्हणून येसू मागे राहिली. निघताना तिनं भाकरी बांधून दिल्या. "टाकं घेऊनच या, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही या, म्हणजे झालं."

राजधानीचं मैदान मोठं देखणं होतं. सपाट, सारवल्यासारखं गुळगुळीत, आणि चहूबाजूंनी उंच तट. तटावर राजाचं निशाण होतं, पण ते कधी फडकताना दिसत नसे. पाहायला आलेल्या माणसांना ऊन लागू नये, वारा लागू नये, असंच ते मैदान बांधलेलं होतं.

फाल्गुनात सामना झाला. खेमाची पाळी आली तेव्हा सगळी माणसं उभी राहिली. कड्यावरच्या गड्याचं नाव तोवर सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. खेमानं विटी उडवली आणि उंच टोला दिला. विटी वर गेली, गावी जायची अगदी तशीच गेली. वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखी झाली. पण तिला पुढे न्यायला कुणी आलं नाही. ती सरळ खाली आली. शेजारच्या राजाच्या गड्यांचा म्होरक्या हैबती दोन पावलं पुढे सरला आणि त्यानं ती ओंजळीत घेतली.

कुठंतरी एकजण हसला, आणि मग पुष्कळजण हसले.

खेमानं दांडूला दोष दिला. नवा दांडू केला. मग विटीचं लाकूड बदललं. बाभळीची केली, खैराची केली. रोज सराव करी आणि रोज विटी तशीच वर जाऊन तशीच खाली येई. शेवटी त्यानं आपला टोला सोडला. राजधानीतले खेळाडू मारत तसा, जमिनीलगत, मूठ आवळून मारायचा टोला तो शिकला. वर्षभरात तो बराही मारू लागला. दुसऱ्या वर्षी शेजारच्या राजाच्या मैदानावर तो लगेच बाद झाला नाही, पण त्याच्याकडे कुणी वळून पाहावं असंही काही घडलं नाही. सामना पुन्हा शेजारच्यांनी जिंकला.

राजा त्याला एका शब्दानं बोलला नाही. जेवणखाण उत्तम होतं, राहायला दगडी घर होतं. पण दुपार कलली की खेमाचं कशात लक्ष लागत नसे. हातातलं काम टाकून तो तटावर चढे. मुंडासं सोडून त्याचं एक टोक धरी आणि दुसरं मोकळं सोडी. कापड सरळ खाली लोंबत राही. कड्यावर या घडीला आधी करवंदीच्या जाळ्या सळसळायच्या, मग गवत एका बाजूला झुकायचं, आणि मग छातीवर वारा यायचा, दरीतल्या ओल्या मातीचा वास घेऊन. येसू अंगणात वाळत घातलेले कपडे गोळा करायला धावायची. हे सगळं तिकडे आत्ता, याच क्षणी चालू असेल, आणि आपण इथं उभे आहोत, या विचारानं तो अंधार पडेपर्यंत तिथून हलत नसे. गावी जावं, असं रोज वाटे. पण टाक्याशिवाय कुठल्या तोंडानं जावं, असंही रोजच वाटे.

तिसऱ्या वर्षी, पौषाच्या सुरुवातीला, गावाकडचा एक मध विकणारा राजधानीत आला. खेमानं त्याला हात धरून घरी नेलं.

"गावी कसं आहे?"

"आहे तसंच. झरा यंदा लवकर आटला."

"येसू?"

"बरी आहे. पाण्याच्या खेपा करते. दुपारी मैदानाच्या कडेला येऊन उभी राहते थोडी. खेळायला मात्र आता तिथं फारसं कुणी येत नाही." मधवाल्यानं मधाचं मडकं खाली ठेवलं. "दाजीबा गेले, खेमा. कार्तिकात."

खेमानं विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"विचारायचे की. राजधानीकडून कुणीही आलं की विचारायचे."

"जिंकलो का, म्हणून?"

"नाही. तिथं वारा आहे का, असं विचारायचे."

खेमानं मधवाल्याला जेवू घातलं, वाटेपर्यंत सोडलं, आणि परत येताना त्याला रडू आवरेना. दाजीबांनी त्याला कमी लेखलं नव्हतं. त्याचं काय आहे आणि वाऱ्याचं काय आहे, एवढंच त्यांनी सांगून पाहिलं होतं. आता हे ज्यांच्यापाशी कबूल करायचं, ते दाजीबाच उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो राजापुढे उभा राहिला.

"महाराज, मी तुमच्याशी खोटं बोललो. खोटं आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण सांगणाऱ्यानं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. माझा टोला माझ्या एकट्याचा नाही. अर्धा हाताचा आहे आणि अर्धा आमच्या दरीतल्या वाऱ्याचा. तुम्ही माझा हात आणलात. वारा तिथंच राहिला."

राजा म्हणाला, "मग आता काय म्हणणं आहे तुझं?"

"यंदा मैदान ठरवायची पाळी तुमची आहे. सामना आमच्या कड्यावर घ्या."

"आणि तिथंही हरलास तर?"

"तर दोष द्यायला मला दुसरं काही उरणार नाही."

राजानं थोडा विचार केला. "दोन वर्षांत माझ्या खेळाडूंनी उन्हाला दोष दिला, दांडूला दिला, एकमेकांना दिला," तो म्हणाला. "स्वतःचा मोठेपणा अर्धा कमी करून सांगणारा तूच पहिला. जा. फाल्गुनात आम्ही कड्यावर येऊ."

खेमा गावी पोहोचला तेव्हा दुपार कलत होती. करवंदीच्या जाळ्या सळसळल्या, गवत झुकलं, आणि वारा त्याच्या छातीवर आला. घरीही न जाता तो मैदानावर गेला. विटी उडवली, दरीवर टोला दिला आणि वाट पाहत उभा राहिला.

विटी परत आली नाही.

दुसरी मारली. तीही गेली. दिवसामागून दिवस तो विट्या करी, मारी, आणि दरी त्या गिळून टाकी. ज्या वाऱ्यासाठी तो दोन वर्षं झुरला होता तो समोर होता आणि तरी त्याला ओळख देत नव्हता. खेमाला वाटलं, तिथलंही आपलं झालं नाही आणि इथलंही गेलं.

एका संध्याकाळी येसू पाण्याची खेप करून वर आली. हंडा उतरवून तिनं ओटीत बांधलेल्या विट्या त्याच्यापुढे ओतल्या. अकरा होत्या.

"नदीच्या वाटेवर सापडल्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "एक बोलू? मी रोज कडेला उभी राहून बघते."

"बोल."

"पूर्वी तुम्ही विटी मारली की हात सैल सोडायचे. विटी गेली, आता तिचं ती बघेल, असं. आता मारून झाल्यावरही तुमची मूठ आवळलेली असते. जणू तिला पार टोकापर्यंत तुम्हीच नेणार आहात."

खेमा आपल्या मुठीकडे पाहत राहिला. "तिथं मलाच न्यावी लागायची," तो म्हणाला.

"इथं न्यायला दुसरं कुणी आहे," येसू म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून खेमा मारायचं सोडून नुसता कड्यावर बसू लागला. वारा कुठून चढतो, कातळाला कुठं आपटतो, कधी जोर धरतो, हे त्यानं लहानपणी नकळत ओळखलं होतं. आता कळून सवरून ओळखलं. आठ दिवसांनी त्यानं दांडू उचलला. पहिली विटी गेली. दुसरी गेली. तिसरी दरीवर तरंगली, वळली, आणि पट्टीच्या मध्यावर येऊन पडली. खेमा तिथंच खाली बसला. गावी आल्यापासून गावी आल्यासारखं त्याला आज पहिल्यांदा वाटलं.

फाल्गुनात दोन्ही राजे कड्यावर आले. शेजारच्या राजाचे गडी कसलेले होते, पण त्यांचे सरळ टोले त्या अरुंद पट्टीवर एकेक करून झेलले गेले. तिरके मारले ते दरीत गेले. एकटा हैबती तग धरून राहिला आणि त्यानं नव्वद दांड्यांचं अंतर काढलं. या राजाचेही गडी फार काही करू शकले नाहीत. शेवटी खेमा आला तेव्हा सत्तर दांडे कमी पडत होते.

खेमा दांडू टेकून उभा राहिला. इतका वेळ, की लोक चुळबुळू लागले. मग गवत झुकलं, तेव्हा त्यानं विटी उडवली, टोला दिला आणि हात सैल सोडला. विटी दरीवर गेली. शेजारचा राजा हसला. हैबती मात्र हसला नाही. तो वर पाहत होता. विटी उचलली गेली, मोठं वळण घेऊन आत आली, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन पट्टीच्या टोकाला पडली. अंतर भरलं ब्याऐंशी दांडे.

हैबती खेमाजवळ आला. "असा टोला मी पाहिला नव्हता."

"पाहिला होता," खेमा म्हणाला. "राजधानीत तुम्हीच तो ओंजळीत घेतला होता. तिथं तो तेवढाच होता."

राजानं शब्द पाळला. चैत्रात पाथरवट आले, आणि आषाढात कातळातलं टाकं काठोकाठ भरलं. पुढच्या वर्षी पौष सरला, झरा आटला, तरी गावातली एकही बाई कड्याची वाट उतरली नाही. राजानं खेमाला पुन्हा राजधानीत बोलावलं, मानाचं आसन देऊ केलं. खेमानं हात जोडून निरोप पाठवला, "तुमच्या तटाआड मी तुमच्या काही कामाचा नाही, महाराज. सामना इथं असेल तेव्हा मी आहेच." आणि तो त्या कड्यावरच राहिला, गुरं राखत, खेळत, आणि दूरदूरच्या गावांहून टोला शिकायला येणाऱ्यांना आधी आठ दिवस नुसतं वाऱ्यात बसवत.

तात्पर्य: आपल्या गुणात आपल्या जागेचा वाटा किती, हे जो मोकळ्या मनानं कबूल करतो, त्याचाच गुण त्याच्यापाशी टिकतो.