नोटरीसाहेबांचा बंगला

दगडू खराते म्हणजे नाकावर राग असलेला अंगठेबहाद्दर. काकांनी घरावरचा हक्क राजीखुशीनं सोडला, असा नोटरीचा शिक्का असलेला कागद त्याच्या पुतण्यानं तहसीलदारांपुढं ठेवला. दगडूनं तर त्या नोटरीचं तोंडही पाहिलं नव्हतं.

साक्षीला बोलावलेले नोटरी गोडांबे ताठ्यात म्हणाले, "माणूस समोर असल्याशिवाय अन् कागद वाचल्याशिवाय मी शिक्का मारतच नाही!"

दगडूची सून शेवंता एक कागद घेऊन पुढं झाली. "मग हाही वाचलाच असंल. कालच तुमच्याकडून शिक्का मारून आणला."

तहसीलदारांनी मोठ्यानं वाचलं, 'मी, नोटरी गोडांबे, माझा राहता बंगला दगडू खरातेंना राजीखुशीनं देतो.'

"मामंजी, बोचकं बांधा," शेवंता म्हणाली. "घर गेलं, पण बंगला आला."

गोडांबे किंचाळले, "अहो, गर्दीत कोण वाचतंय? पुढं आला कागद की मारतो शिक्का!"

"मग पुतण्याच्या कागदावरही तसाच मारला असणार," तहसीलदार म्हणाले. त्यांनी पुतण्याचा अर्ज फेटाळला आणि नोटरीविरुद्ध तक्रार वर धाडली.

सून घरात आल्यापासून दगडू तिच्या चहाला नावं ठेवत आला होता. त्या दिवशी त्यानं स्वतः चहा केला अन् पहिला कप तिला दिला. "पोरी, तू होतीस म्हणून ही चूल आपली राहिली."